गॅरेजमध्ये ‘नको’ म्हणायचं नाही

आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट रात्रीची नाही.

अमावस्या नव्हती. वारा सुटला नव्हता. कुठलंही कुत्रं रडत नव्हतं. भर दुपार होती, आणि वामकुक्षी सोडून दोन म्हातारी माणसं गाडी दुरुस्त करत होती.

आमच्या नशिबी भूत आलं, तेही कामाच्या वेळेत.

पण गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत, तिच्या घरामागच्या गॅरेजमध्ये घडलेली. आणि आत्या खोटं बोलत नाही. तिला ते जमतच नाही. लहानपणी मी काढलेलं एक चित्र हातात घेऊन तिने विचारलं होतं, “हा बैल आहे की कपाट?”

ते माझे बाबा होते.

त्यामुळे ती जे सांगते ते मी मानतो. मानायचं नसलं तरी.

आत्याचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, यांनी जन्मभर जीप दुरुस्त केल्या. आत्या त्यांच्या याच, घरामागच्या गॅरेजमध्ये सुट्या भागांच्या काउंटरवर बसायची. बघून बघून तीही पक्की मेकॅनिक झाली. गॅरेजपायी दोघं जन्मात कुठे फिरायला गेली नाहीत. डोंगरावरच्या एका तळ्यावर जायचं, हे लग्नानंतर लगेच ठरलं होतं. जायचं राहूनच गेलं.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. आत गादी, शेगडी, छोटं बेसिन आणि एक पडदा. पडदा ओढला की बेडरूम, सरकवला की हॉल. गाडी माझ्याहून वयाने मोठी, म्हणून तिचं नाव आजीबाई.

आजीबाई तळ्याच्या वाटेवर पहिल्याच वाळूत रुतली.

मागची चाकं जागच्या जागी खड्डा खणत होती. पुढची शांतपणे बघत होती.

“अगदी आपल्या संसारासारखं,” आत्या मागून ढकलताना म्हणाली. “मी ढकलतेय आणि तुम्ही पुढे बसून बघताय.”

“अगं, मी स्टिअरिंग धरलंय!”

“धरा, धरा. पळून जाईल ते.”

शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने बाहेर काढलं. काढताना तो हसला. त्या हसण्यावर आत्याने ठरवलं, आता चारही चाकांना कामाला लावायचं. आजीबाईला फोर व्हील ड्राइव्ह करायचं, तळ्यावर जायचं, आणि दोघांनीच जायचं.

काम सोपं नव्हतं. पुढची चाकं नुसती गोल फिरतात, त्यांना इंजिनाची ताकद जात नाही. ती द्यायची तर पुढे दोन्ही चाकं फिरवणारा दुसरा अ‍ॅक्सल हवा, तिथवर ताकद नेणारा लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, हवा, आणि मधे ताकद पुढे-मागे वाटून देणारा ट्रान्सफर केस हवा. हे सगळं जुन्या जीपमधून काढून बसवतात.

आतोबांनी भंगारातून एक जीप आणली. तिला ना बॉनेट, ना दिवे, ना सीट. पण अ‍ॅक्सल ठणठणीत.

अ‍ॅक्सल पुसताना आत्या एकदम थांबली.

मेकॅनिक लोक शाफ्ट सोडवायच्या आधी जोडावर पंच नावाच्या टोच्याने खूण करतात, म्हणजे परत बसवताना तो तसाच बसतो. कोणी एक ठिपका करतं, कोणी दोन. इथे दोन ठिपके होते आणि त्यांच्याखाली एक वाकडी रेघ.

हसणारा चेहरा.

“अहो!” आत्या ओरडली. “हे बारक्याभावजींचं काम!”

बारक्या म्हणजे आतोबांचा गॅरेजमधला भागीदार आणि जिवाचा दोस्त. इतका किडकिडीत की जॅक न लावता गाडीखाली जायचा. जाईल तिथे हसणारा चेहरा ठोकायचा. पुष्कळ वर्षांपूर्वी तो असाच एका जीपखाली गेला होता… आणि जीप त्याच्यावर सरकली. आत्या त्या दिवशी माहेरी होती, आणि आतोबा ऑइल सील आणायला दुकानात गेले होते. परत आले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

“असेल त्याचं,” आतोबा म्हणाले. “शेकडो गाड्यांना हात लागलाय त्याचा.”

आणि ते हात धुवायला गेले. हात स्वच्छ होते.

आता एक विचित्र गोष्ट सांगतो, पण ती भुताची नाही. बारक्या गेल्यापासून आतोबांच्या गॅरेजमध्ये ‘नको’ या शब्दावर बंदी होती.

गाडीखालच्या माणसाने दोनच शब्द बोलायचे. ‘धर’ आणि ‘सोड’. ब्रेक दाबायचा तर धर, सैल करायचा तर सोड. ‘सोडू नको’, ‘धरू नको’ असलं काही बोललेलं चालायचं नाही. कामगारांना तो शब्द चुकूनही तोंडी येऊ नये, म्हणून चहालासुद्धा ‘नको’ म्हणायची सोय नव्हती. नको असेल तर कपावर हात ठेवायचा. एकदा एक विमावाला आला. हात ठेवायला कपच नव्हता. आतोबांनी विमा घेतला.

आत्याला हा नियम फार शहाणपणाचा वाटायचा. “आवाजात अर्धंच ऐकू येतं,” ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची, “म्हणून ह्यांनी शब्दच कमी केले.”

तर, काम सुरू झालं.

पहिल्या आठवड्यात काही नाही. मग एका दुपारी दोघं घरात जेवत असताना गॅरेजमधून आवाज आला.

टक… टक टक.

“पत्रा तापला की वाजतो,” आतोबा म्हणाले.

टक… टक टक.

“पत्रा फारच तालात वाजतोय,” आत्या म्हणाली. जाऊन बघितलं तर कोणी नाही. हातोडी फळीवर, पंच डब्यात.

दुसऱ्या दिवशी आत्या गाडीखाली पाठीवर पडून ट्रान्सफर केसचे बोल्ट आवळत होती. आता बारीक तीच, म्हणून खाली तीच. तिने सवयीने हात बाहेर काढला आणि म्हणाली, “सतरा.”

सतरा नंबरचा पाना तळहातावर आला.

“थँक यू,” ती म्हणाली. बोल्ट आवळला. मग तिच्या लक्षात आलं… आतोबा तर वर सीटवर होते. ब्रेकवर पाय ठेवून.

“अहो, पाना तुम्ही दिलात?”

“कुठला पाना?”

आत्याने हातातल्या पान्याकडे पाहिलं.

तो कोमट होता. बराच वेळ कुणाच्या तरी मुठीत असावा, तसा.

आता कोणी म्हणेल, त्याच क्षणी पळायला हवं होतं. आत्याचं म्हणणं असं की पाना बरोबर नंबरचा होता. आतोबांना इतक्या वर्षांत एकदाही पहिल्या फटक्यात सतरा सापडलेला नव्हता. चांगला मदतनीस मिळाला, तर चौकशा कशाला करायच्या?

मग पुढच्या शाफ्टसाठी नवा जोड आला. लेथवाल्याने ताजा कातून दिलेला, आरशासारखा चकचकीत. आत्याने तो संध्याकाळी बाकावर ठेवला. सकाळी बघते तर…

दोन ठिपके. एक वाकडी रेघ.

“छान केलंत हो,” ती म्हणाली. “भावजींची आठवण म्हणून ना?”

आतोबांनी जोड हातात घेतला. बघितला. आणि असा खाली ठेवला, जणू तो चावणार होता.

“मी नाही केलं,” ते म्हणाले.



आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. शाफ्ट बसवायचा तर दोन जोडांची भोकं समोरासमोर यावी लागतात. त्यासाठी चाक बोटभर फिरवावं लागतं. गॅरेजची जमीन दाराकडे किंचित उतरती. शाफ्ट काढलेला असल्यामुळे हँडब्रेक नावालाच. त्यामुळे एक जण वर ब्रेक दाबून बसतो आणि खालचा माणूस सांगेल तसा सैल करतो. गाडी जास्त घसरू नये म्हणून चाकामागे वीतभर अंतरावर लाकडी ठोकळा ठेवतात. ठोकळा ठेवणं हे वर बसणाऱ्याचं काम, कारण खालच्याला तो दिसत नाही.

त्या दुपारी आत्या खाली, आतोबा वर.

“सोडा,” आत्या म्हणाली. आजीबाई कुरकुरली, बोटभर मागे आली.

“धरा.”

थोडक्यात हुकलं. भोकं अजून समोर यायची होती. आत्याने श्वास घेतला. आता ‘सोडा’ म्हणणार, इतक्यात…

तिच्या डाव्या कानाशी, अगदी शेजारी पडलेल्या माणसाने बोलावं तसा, घोगरा आवाज आला.

“सोडू नको.”

आत्या थिजली. मान वळवायची हिंमत होईना.

“अरे ए… सोडू नको रे.”



वरून आतोबांचा आवाज आला. रडवेला.

“नाही सोडत, बारक्या… या वेळी नाही सोडत.”

आत्या बाहेर कशी आली ते तिला आठवत नाही. चपला खालीच राहिल्या. उठून तिने आधी चाकामागे पाहिलं.

ठोकळा नव्हता.

तो भिंतीला टेकून उभा होता. आतोबा ठेवायचा विसरले होते. आत्याने परत ‘सोडा’ म्हटलं असतं आणि गाडी सुटली असती, तर तो अवजड अ‍ॅक्सल तिच्या छातीवरून गेला असता.

आतोबा अजून ब्रेक दाबून बसले होते. आत्याने ठोकळा आणून चाकामागे घातला, पायाने ठोकून घट्ट केला आणि त्यांच्या दारापाशी आली.

“या वेळी म्हणजे?” तिने विचारलं.

“काय?”

“‘या वेळी नाही सोडत’ म्हणालात. मागच्या वेळी काय झालं होतं?”

“अगं, घाबरून माणूस काहीही बोलतो…”

“‘नको’वर बंदी का घातलीत?”

“सांगितलं ना, अर्धंच ऐकू येतं…”

“कुणाचं अर्धं ऐकू आलं?” आत्याचा आवाज अगदी शांत होता. “भावजी एकटे होते. तुम्ही दुकानात होतात. मग शेवटी ते काय बोलले, आणि त्यातलं काय ऐकू आलं नाही, हे तुम्हाला कसं कळलं?”

आतोबा सीटवरून उतरले आणि एका टायरवर बसले. टायर बसायला चांगला असतो, पण त्यात माणूस आत आत जातो. ते जात राहिले.

“शेजारी पत्रा ठोकत होते,” ते म्हणाले. “मला ‘सोड’ एवढंच ऐकू आलं.”

“आणि ठोकळा?”

आतोबांनी नकारार्थी मान हलवली.

“आणि ही जीप? हा अ‍ॅक्सल?”

आतोबांनी वर पाहिलंच नाही. “…तीच.”

“तीच?”

“मॉडेल जुळत होतं गं. आजीबाईला दुसरा अ‍ॅक्सल बसत नाही.”

आत्याने लग्नापासून त्यांना अहो-जाहो केलं होतं. भांडतानासुद्धा. “अहो, तुम्ही गाढव आहात” असं म्हणायची, पण ‘तुम्ही’ सोडलं नव्हतं.

ते त्या दुपारी सुटलं.

“तू तिथे होतास,” ती म्हणाली.

आतोबा दचकले. भुताला दचकले नव्हते इतके.

“तू तिथे होतास, आणि मी त्याच्या बायकोपाशी जाऊन बसत होते. वर्षानुवर्षं! तिला सांगत होते, ‘हे तिथे असते तर भावजी वाचले असते.’ माझ्या तोंडाने, अरे! ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून मेलेल्या नवऱ्याला शिव्या घालायची, ठोकळा का नाही ठेवलास म्हणून. आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचे, असू दे, चुका होतात.”

“मी सांगणार होतो…”

“कधी? चारही चाकं फिरायला लागल्यावर?”

आतोबा लहान मुलासारखं नाक पुसत म्हणाले, “सांगतो. तुझ्यासमोर सांगतो तिला. पण लगेच नको.”

त्यांच्या तोंडून, त्या गॅरेजमध्ये, तो शब्द पहिल्यांदाच आला.

गाडीखाली पाना पडला. ठण्ण.

तिथे कोणी नव्हतं.

“उद्या शाफ्ट बसवायचा,” आत्या म्हणाली, “आणि याच गाडीतून तिच्याकडे जायचं.”

मी तिला विचारलं, एवढं झाल्यावर काम पुढे का चालू ठेवलं? रिक्षा नव्हती? ती म्हणाली, “अर्धं काम सोडून मला झोप लागत नाही.” झोप तशीही लागली नव्हती. रात्रभर ती कॅम्परमधल्या गादीवर पडून होती. पडदा ओढून.

दुसऱ्या दुपारी आत्या वर जाऊन बसली.

“तू जा खाली,” ती म्हणाली.

आतोबांचं पोट बघता हे काम एखाद्या ट्रंकेने पेटीखाली शिरण्यासारखं होतं. पण ते शिरले.

“सोड,” खालून आवाज आला. आत्याने ब्रेक सैल केला.

“धर.” तिने दाबला.

पहिला बोल्ट बसला. दुसराही बसत आला. मग काही वेळ नुसती खुडबुड. मग…

“सोड.”

आत्याचा पाय उचलायला लागला. आणि तेवढ्यात…

“वहिनी, सोडू नका.”

‘नका’.

आतोबा तिला जन्मात ‘नका’ म्हणाले नव्हते. तिला वहिनी म्हणणारा एकच माणूस त्या गॅरेजमध्ये असायचा.

“सोड,” दुसरा आवाज आला. हलका, चिडका.

“नका, वहिनी…”

“सोड. सोड ना. सोड.”

आत्याने डोळे मिटले, दातावर दात घट्ट दाबले आणि दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. खाली दोघं होते. एकाने तिला जन्मभर फसवलं होतं. दुसरा मेलेला होता.

तिने मेलेल्याचं ऐकलं.

किती वेळ गेला, माहीत नाही. शेवटी आतोबा खरडत खरडत बाहेर आले. तोंड पांढरंफटक. ते तिच्या दाराला धरून उभे राहिले.

“का ओरडत होतीस?” त्यांनी विचारलं.

“मी?”

“माझा सदरा शाफ्टमध्ये अडकला होता. अ‍ॅक्सल इथे, छातीपाशी. तोंडून आवाज फुटेना. आणि तू वरून… नाही, वरून नाही…” ते थांबले. “माझ्या शेजारून. ‘सोड, सोड, सोड ना.’ तुझाच आवाज. मला वाटलं, स्वतःलाच सांगतेयस.”

आत्याने तोंडही उघडलं नव्हतं. तिचे दात अजून घट्टच होते.

“आणि भावजी?” तिने हळूच विचारलं. “ते ‘नका’ म्हणत होते. ते नाही ऐकलंस?”

“नाही,” आतोबा म्हणाले. “तुझाच आवाज होता. फक्त तुझाच.”

शाफ्टचा राहिलेला बोल्ट त्यांनी जॅक लावून, दोघांनीही बाहेरून हात घालून बसवला. चारही चाकं फिरली. आजीबाई खडखडली नाही, कुरकुरली नाही. इतकी चांगली ती कधीच चालली नव्हती.

ते बारक्याच्या बायकोकडे गेले. आतोबांनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. पत्रा, ठोकळा, जीप, सगळं. मान खाली घालून, पण सांगितलं.

ती बाई आतोबांकडे बघतच नव्हती. ती आत्याकडे बघत होती.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” तिने विचारलं.

“कालपासून,” आत्या म्हणाली. “कालच कळलं गं.”

आत्या खोटं बोलत नाही, हे माझ्याइतकंच त्या बाईलाही ठाऊक होतं. इतकी वर्षं तिने आत्याचा शब्द खरा मानला होता, तोही त्याचमुळे.

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं. परत ते कधी उघडलं नाही.

तळ्यावर ती दोघं अजून गेलेली नाहीत.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा आत्याने मला हे सगळं सांगितलं. आतोबा शेजारीच पेपर वाचत होते. मी ऐकत गेलो आणि एक गोष्ट डोक्यात अडकून बसली. विचारू की नाही, असं झालं. मग विचारलंच.

“आत्या, त्या दुसऱ्या दिवशी वर तू बसली होतीस ना?”

“हो.”

“मग ठोकळा?”

आत्याने चष्मा काढला. पदराने पुसला. परत घातला.

“नव्हता,” ती म्हणाली. “उतरल्यावर बघितलं. आदल्या दिवशी मी स्वतः ठोकून बसवला होता. पण तो होता भिंतीपाशी.”

“कोणी काढला?”

“सकाळी गाडी जरा मागे घ्यायला मीच काढला होता.”

“मग परत ठेवायला विसरलीस?”

पेपरचं पान उलटायचं थांबलं.

“विसरले,” आत्या म्हणाली.

तिने खिडकीतून आजीबाईकडे बघितलं.

“…बहुतेक.”

आतोबांनी पेपराची नीट घडी घातली, उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं, गाडीकडे जातील.

ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले. गाडीपासून जितकं लांब उभं राहता येईल, तितकं लांब.